कोकरू चालेपर्यंत

करंजमाळाच्या टेकडीवर जंगलखात्याचा जुना बंगला आहे, तिथं दोन रात्री राहायला जायचं आहे, असं यशोदाबाईनं जेवता जेवता सांगितलं, तेव्हा तिच्या लेकाचा, बालाजीचा घास हातातच राहिला.

"तू?"

"मी आन् मिरा."

"तिथं काय काम हाये तुमचं?"

"काम न्हाई. राहायचं. खुर्चीवर बसायचं, पलंगावर झोपायचं, च्या प्यायचा. लोक जातेत तसं."

"लोक म्हंजे नांदेडचे, परभणीचे लोक, आई. गाड्या घेऊन येतेत. आपल्याला कोन राहू देईल तिथं?"

"काहून? भाडं घेऊनच राहू देतेत ना? का मेंढरंवाल्याचं भाडं काळं असतंय?"

बालाजीनं घास ताटात ठेवला. भाकरी थापत बसलेली त्याची बायको अंजली मात्र मान खाली घालून हसली. सासू एकदा बोलली की तो शब्द पुन्हा गोठ्यात जात नाही, हे तिला माहीत होतं.

यशोदाबाई मसाजी पोले. वय सदुसष्टच्या पुढं-मागं. शिरड शहापूरच्या शिवारात घर. पण घर म्हणजे चार महिने. उरलेले आठ महिने मेंढरांमागं. उंच बाई, अंगानं वाळलेली, पण चालायला लागली की रस्ता तिच्यासाठी सरकल्यासारखा वाटतो. मेंढरं तिनं कधी मोजली नाहीत. संध्याकाळी वाघुरीच्या, मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, तोंडाशी उभी राहते, एकेक तोंड आत जाताना बघते आणि सांगते, "काळ्या कानाची आली न्हाई." मग कुणीतरी जातं, आणि काळ्या कानाची कुठंतरी बाभळीखाली सापडते. असल्या बाईला, राहायला जागा भाड्यानं घेणं म्हणजे काय, हे आयुष्यात कधी कळायचं कारण नव्हतं. जिथं रात्र झाली तिथं तीन दगड मांडले की तिचं घर उभं राहतं.

पण करंजमाळाची गोष्ट वेगळी होती.

हा बंगला निजामाच्या काळातला. काळ्या दगडाचं उंच जोतं, वर कौलं, समोर लांब पडवी आणि पडवीत सागवानी आरामखुर्ची, जिच्या हातांवर माणसाचे पाय पसरता येतात. दारावरच्या दगडात उर्दूत काहीतरी कोरलेलं आहे. ते वाचणारं गावात आता कुणी उरलं नाही. जंगलाचे साहेब घोड्यावरून यायचे तेव्हा इथं उतरायचे. पुढं जीपनं यायला लागले. मग येईनासेच झाले, वटवाघळं राहिली. चार-पाच वर्षांपूर्वी गावात समिती झाली, तिनं कौलं बदलली, भिंतींना चुना दिला, न्हाणीत गरम पाणी आणलं, आणि बंगला मोबाईलवर आला. पडवीत बसलं की खाली सिद्धेश्वर धरणाचं पाणी दिसतं, सकाळी दुधासारखं आणि दुपारी पत्र्यासारखं. शहरातले लोक त्या पाण्याचे फोटो काढतात आणि शांत वाटतं म्हणतात.

बंगल्याच्या मागं, सागाच्या सावलीत, एक गोल दगडी कोंडवाडा आहे. छातीइतकी भिंत, एक लोखंडी दार. राखीव जंगलात शिरलेली जनावरं धरून आणली की इथं कोंडायची.

अडतीस वर्षांपूर्वी मसाजी पोलेची मेंढरं इथं कोंडली गेली.

चूक मसाजीचीच होती, हे यशोदाबाई आजही म्हणते. सरकारनं नवी रोपं लावली होती, दुपारी त्याचा डोळा लागला आणि मेंढरं रोपांत शिरली. साहेबानं धरली. कोंडली. दोघं नवरा-बायको दाराबाहेर बसून राहिले. दुसऱ्या पहाटे आत तीन मेंढ्या व्याल्या.

आता मेंढरंवाल्यांची एक रीत आहे. ज्या जागेवर मेंढी व्याली, त्या जागेवरून कोकरू आईच्या मागं आपल्या पायानं चालेपर्यंत वाडा हलवत नाहीत. मेंढरं ज्याच्या शेतात बसलेली असतात तो मालकही तोवर उठवत नाही. पेरणी खोळंबली तरी नाही, भावकीत भांडण पेटलं तरी नाही. कोकरू चालायला लागलं की मेंढरंवाली बाई पहिल्या चिकाची वाटी जागेवाल्याच्या हातात देते आणि निघते. हे कुठं लिहिलेलं नाही. पण औंढ्यापासून बाळापूरपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, त्याला ठाऊक आहे.

त्या दिवशी दुपारी कुणी मोठा साहेब बायकापोरांसह मुक्कामाला येणार होता. लेंड्यांचा वास येतो म्हणून हुकूम सुटला, दार उघडा, मेंढरं हाकला. मसाजीनं हात जोडले. म्हणाला, दंड दुप्पट घ्या, पण संध्याकाळपर्यंत थांबू द्या, कोकरं अजून उभी राहिली नाहीत. कुणी ऐकलं नाही. आतून काठी फिरली. कोकरं कळपाच्या पायांखाली आली. दोन तिथंच गेली, तिसरं यशोदाबाईनं पदरात उचललं म्हणून जगलं.

"कोंडलं ते बराबर होतं," मसाजी पुढं आयुष्यभर म्हणायचा. "पर व्यालेल्या जाग्यावरून उठवलं."

त्यानंतर तो करंजमाळाच्या वाटेनं कधी गेला नाही. पाण्यावर जायचं तर दोन कोसांचा वळसा घालायचा, पण ती टेकडी टाळायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला. वळसा तसाच राहिला. बालाजी घालायचा, मेंढरंही आपोआप घालायची. या दिवाळीनंतर एकदा त्या वळणावर यशोदाबाई थांबली, टेकडीकडं बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "मेंढरायला बी वाटतंय की आपलंच काहीतरी चुकलं."

त्याच आठवड्यात तिनं जेवता जेवता ते वाक्य टाकलं.

मोबाईलवर जागा घेतली अंजलीनं. ती अंगणवाडीत असते, तिला असले अर्ज भरायची सवय आहे.

"आत्याबाई, इथं इचारलंय, कशासाठी येताय?"

"लिही, बसायला."

"बसायला कसं लिहू? इश्रांती लिहिते."

"इश्रांती काय माझ्या बापानं केली होती का? बसायला. मी तिथं बसनार, आन् मला वाटंल तवा उठनार. कुनी उठ म्हनलं म्हून न्हाई. तेवढ्यासाठीच चालले."

अंजलीनं विश्रांतीच लिहिलं, पण सासूचं वाक्य तिच्या मनात राहिलं.

निघायच्या दिवशी एक अडचण आली. बालाजी मेंढरं घेऊन बाळापूरकडं गेला होता आणि घरी एकच मेंढी मागं ठेवलेली होती, बांडी. गाभण होती, रोजची लांब मजल चालवेना म्हणून. त्या पदरात उचललेल्या कोकराच्या वंशातली ही कितवीतरी लेक. पाठीवर तोच पांढरा ठिगळासारखा पट्टा. यशोदाबाईनं तिची कास चाचपली, पोटाखाली हात धरला.

"आठ दिस हायेत अजून," ती म्हणाली. "पर अंजली दिसभर अंगनवाडीत, आन् परक्याच्या भरवशावर न्हाई ठेवनार. संगं घेऊ."

मिराबाई ही तिची धाकटी जाऊ. बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी हसावं आणि घरी गेल्यावर रडावं. ती म्हणाली, "घे की. लोक लेकीसुना घेऊन जातेत, आपन मेंढी घेऊन जाऊ. पलंग तिघींना पुरंल का तेवढं इचार."

रिक्षानं टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. वर चढायला अर्धा तास लागला. पौषाची थंडी होती, उन्हाला धार नव्हती, सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. बांडी तीनदा बसली. तिन्ही वेळा यशोदाबाई तिच्याजवळ उभी राहिली, दोरी ओढली नाही.

बंगल्याच्या फाटकात शंकरसिंग होता. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, खाकी स्वेटर. चाळीस वर्षं याच बंगल्यावर; आधी खात्याचा चौकीदार, आता समितीचा.

"ओ बाई, मेंढरं इकडं न्हाई आनायची. पाहुने यायलेत आज."

"आलेत," यशोदाबाई म्हणाली.

"कोन आलेत?"

"आमीच."

शंकरसिंगानं तिच्याकडं बघितलं, मिराबाईकडं बघितलं, मेंढीकडं बघितलं. यशोदाबाईनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "यशोदाबाई मसाजी..." पुढचं त्यानं मनातच वाचलं.

"मसाजी पोले म्हंजे..."

"व्हय. त्योच."

बराच वेळ तो कागदाची घडी घालत राहिला, जशी होती तशी बसेना. मग म्हणाला, "तुमी या. पर मेंढी आत न्हाई चालत, बाई. समितीचा नियम हाये."

"गेल्या महिन्यात एका साहेबाचं कुत्रं गादीवर झोपलं म्हनं," मिराबाई म्हणाली. "सगळ्या गावानं फोटू बघितला."

"ते कुत्रं होतं."

"मंग ही काय वाघीन हाये?"

शंकरसिंगाला हसू येत होतं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. "मागं कोंडवाडा हाये, तिथं बांधा. आता तिथं कुनी कोंडत न्हाई. कुंड्या ठेवल्यात. लोक फोटू काढतेत."

कोंडवाडा म्हटल्यावर मिराबाईनं जावेकडं बघितलं. यशोदाबाई चालत मागं गेली. भिंतीला चुना दिला होता. दाराला हिरवा रंग. आत शेवंतीच्या कुंड्या. तिनं हिरव्या दारावर तळहात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ठेवते हितंच," ती म्हणाली. "पर हे दार काढ."

"काढ म्हंजे?"

"बिजागरीवरून उचल आन् बाजूला ठेव. मी हाये तंवर ह्याला कडी लागनार न्हाई."

"बाई, मला बोलनं बसंल."

"बसू दे. तुला बोलनं बसंल, मला तर काठी बसली होती."

तो एकटा उचलू शकला नाही. दुसऱ्या बाजूला मिराबाईनं खांदा लावला. दार करकरत वर आलं आणि सागाच्या बुंध्याला टेकून उभं राहिलं. बांडी आत गेली, शेवंतीचं एक फूल खाल्लं आणि बसली.

मग यशोदाबाई पडवीत गेली. पायरीवर चपला काढाव्या की नाही, असा क्षणभर विचार केला आणि काढल्या नाहीत. आरामखुर्चीत बसली. खुर्ची इतकी मागं कलंडलेली की तिचे पाय जमिनीवरून सुटले, आणि ती दचकून दोन्ही हातांना धरून बसली.

"पडशील, आक्का."

"पडले तर पडले. उठनार न्हाई."

खाली सिद्धेश्वरचं पाणी पसरलं होतं. काठावर कुणाची तरी मेंढरं दिसत होती, मुठीतून सांडलेल्या ज्वारीसारखी. तिनं ती बघितली, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याला वरून माणसं किती लहान दिसत असतील ते तिला कळलं.

मिराबाई आत फिरून येत होती आणि बातम्या देत होती. आरसा एवढा मोठा की आपलंच भ्या वाटतंय. संडास खुर्चीवानी, त्याच्यावर बसून राज्य करावं. गादी अशी की बसलं की गिळती. त्या गादीवर यशोदाबाई दोन्ही रात्री झोपली, म्हणजे पडून राहिली. सकाळी तिची पाठ धरलेली होती. मिराबाई खाली घोंगडीवर घोरून उठलेली.

"खाली ये म्हनलं होतं की नाय?"

"झोप आली न्हाई," यशोदाबाई म्हणाली. "पर उतरले न्हाई."

मधल्या दिवशी दुपारी शंकरसिंगानं चहा आणला. ठेवला, आणि उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. तिथं दुसरी एक वेताची खुर्ची होती.

"आमी न्हाई बसत हितं. चाळीस वर्सं झाडली, पर बसलो न्हाई."

"कुनी मनाई केली?"

"कुनीच न्हाई. बसलो न्हाई."

तो पायरीवर टेकला.

"त्या दिवशी काठी माझ्याच हातात होती," तो म्हणाला.

"मला माहीत हाये. मी तुला फाटकातच वळखलं."

"नोकरीला दोन वर्सं बी झाली नव्हती, बाई. हुकूम..."

"मी कारन इचारलं का तुला?"

तो कपबशी उचलून आत गेला. यशोदाबाईचं मन हललं नाही असं नाही, पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. अडतीस वर्षांचा वळसा एका कपात विरघळत नाही.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता जागा सोडायची होती. आणि उजाडता उजाडता मागून बांडीचा आवाज आला.

यशोदाबाईचा हात कधी चुकत नव्हता. आठ दिवस म्हणाली की आठवा दिवस. पण या वेळी तिनं चढ धरला नव्हता. मैदानावरच्या मेंढीचा अंदाज तिनं टेकडी चढणाऱ्या मेंढीला लावला होता. बांडी व्याली होती. कोकरू आठ दिवस आधीचं, मुठीएवढं डोकं, अंग चिकट, ओलं, आणि पाय असे की कुणी उसने आणून लावलेत. उभं राहायचा प्रयत्न करायचं आणि चारी दिशांना चार पाय जायचे.

यशोदाबाई कोंडवाड्यात मांडी घालून बसली. घोंगडीनं कोकरू पुसलं, नाकातला चिकटा बोटानं काढला, कासेला लावलं. चोखेना. तिनं चीक बोटावर घेऊन त्याच्या जिभेवर ठेवला. पुन्हा. पुन्हा. सूर्य सागाच्या वर आला.

शंकरसिंग भिंतीबाहेर उभा होता. "बाई, दहाला दुसरे पाहुने हायेत. नांदेडचे."

"येऊ दे."

"जागा सोडावी लागंल."

"कोकरू चाललं की सोडते."

त्याला रीत माहीत होती. पण समितीच्या अध्यक्षाला फोन करणं त्याचं काम होतं, तो त्यानं केला.

दहाला गाडी आली. गाडीतून नवरा-बायको, त्यांची म्हातारी आई आणि फुगे उतरले. कुणाचा तरी वाढदिवस होता. सव्वादहाला मोटारसायकलवरून व्यंकटराव आले. व्यंकटराव म्हणजे समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही, पण पाहुण्यांसमोर आवाज मोठा करायची सवय आहे.

"यशोदाबाई, हे काय करून राहिल्या तुमी? दार कुनी काढलं हे?"

"मीच काढायला लावलं."

"आन् वेळ किती झाली?"

"कोकराला इचारा."

व्यंकटरावांनी मागं बघितलं. पाहुणे कोपऱ्यापर्यंत आले होते. "हे बघा, तुमची जागा दहापर्यंत होती. ते लोक एवढ्या लांबून आलेत. मेंढी उचला, खाली रिक्षापर्यंत मी पोचवून देतो. कोकरू पिशवीत घाला."

"घातलं होतं पदरात एकदा. आता न्हाई."

"तकलीफ होऊन राहिली लोकायला!"

यशोदाबाई बसल्या जागेवरूनच बोलली. आवाज चढवला नाही. "व्यंकटराव, दर साली माघात आमची मेंढरं खतासाठी तुमच्या रानात बसतेत. बसतेत का न्हाई?"

"बसतेत."

"तीन सालामागं तुमच्या वरच्या वावरात चार मेंढ्या व्याल्या. तुमचा ट्रॅक्टर बांधावर उभा होता. तुमी उठवलं?"

व्यंकटरावांनी मोटारसायकलची किल्ली खिशात घातली.

"उठवलं का? पाहुने ऐकून राहिलेत, सांगा."

"न्हाई उठवलं."

"काहून न्हाई उठवलं?"

"ते रान हाये, यशोदाबाई. हा बंगला हाये."

"मेंढीला काय माहीत, कौलं कुनाची हायेत? आन् तुमचा बोर्ड खाली लावलाय, गावाचा बंगला म्हून. मंग गावाची रीत फाटकाबाहेर ठेवता का?" तिनं कोकराच्या तोंडात पुन्हा बोट घातलं. "मोठ्या साहेबानं आमाला हितून हाकललं, तवा आमी म्हनलं, त्याला ठाऊक न्हाई. तुमाला ठाऊक हाये. तुमी हाकला आता. मंग माघात मेंढरं कुनाच्या रानात बसवायची, ते मला बी ठरवता येतंय."

मिराबाई भिंतीवरून म्हणाली, "आन् ठरवायला आमाला समिती लागत न्हाई."

व्यंकटरावांचा चेहरा तांबडा झाला. घरी ते कदाचित हसले असते. पण समोर नांदेडचे लोक होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "शंकरसिंग, ती मेंढी बाहेर काढ."

भिंतीला टेकून शंकरसिंगाची काठी उभी होती, रोजची, साप-विंचवासाठीची. त्यानं ती उचलली. यशोदाबाईनं त्याच्याकडं बघितलं, पण हलली नाही. तिनं फक्त कोकराच्या पाठीवर हात आडवा धरला.

शंकरसिंगानं काठी उचलून भिंतीपलीकडं, झुडपात टाकून दिली.

"म्या एकदा काढली, मालक," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा न्हाई. तुमी काढा न्हाईतर मला काढा."

पाहुण्यांमधली म्हातारी पुढं आली. गुडघ्यांवर हात ठेवून आत वाकून बघितलं आणि लेकाला म्हणाली, "थांब रे. त्याला उभं तर राहू दे." तिचा लेक फुगे घेऊन पडवीत जाऊन बसला. व्यंकटराव थोडा वेळ उभे राहिले, मग तेही गेले आणि आरामखुर्चीत टेकले. त्यांचेही पाय जमिनीवरून सुटले.

साडेअकरा वाजले असतील. कोकरानं पहिल्यांदा चीक ओढला, आवाज करून. शेपटी हलली. मग ते उठलं, पडलं, उठलं. बांडी भिंतीजवळून दाराकडं निघाली, दार नसलेल्या दाराकडं. कोकरू थरथरत उभं होतं. यशोदाबाईनं हात लावला नाही. कुणीही हात लावला नाही. ते एक पाऊल टाकून थांबलं, पुढचे दोन पाय जवळ आले, मागचे मागं राहिले, आणि मग सगळे एकदम निघाले. शेवंतीच्या कुंडीला धडकलं, वळलं, आणि आईच्या मागं उंबऱ्यावरून बाहेर आलं.

यशोदाबाई लगेच उठली. साडी झटकली. वाटीत चीक काढून ठेवलेला होता. तिच्या बोटांनी आणि बांडीनं मिळून जेमतेम वाटीभर झालेला.

व्यंकटराव पडवीतून उतरून आले होते. आता त्यांचा आवाज खाली होता. "झालं ना? बसा अजून घडीभर. जेवून जा. पाहुने म्हनतेत, दुपारपर्यंत थांबलं तरी चालंल."

"न्हाई. मी बसायला आले होते, बसले. आता उठते."

रीतीप्रमाणं वाटी जागेवाल्याला द्यायची. व्यंकटरावांचा हात किंचित पुढं आला. यशोदाबाई त्यांच्याजवळून पुढं गेली आणि वाटी शंकरसिंगापुढं धरली.

"घे."

"मला काहून, बाई? जागा समितीची हाये."

"चाळीस वर्सं झाडली कुनी? घे. गोड मानून घे असं म्हननार न्हाई. दोन कोकरं हितं मेली, ती मी इसरले न्हाई, तू बी इसरू नको. रीत हाये म्हून देते."

शंकरसिंगानं दोन्ही हातांनी वाटी घेतली. उभ्यानंच प्याला. मिशीला लागलेलं पुसलं नाही.

मिराबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं. बांडी पुढं, मागं कोकरू, त्याच्या मागं दोघी जावा. फाटकाशी पोचल्यावर मागून व्यंकटरावांनी हाक मारली.

"यशोदाबाई! हे दार तरी लावून जा!"

"ते तुमी लावा," ती न वळता म्हणाली. "ज्यानं लावलं त्यानं लावायचं."

टेकडी उतरताना ती जुन्या वळशाच्या वाटेनं गेली नाही. सरळ पाण्याकडं जाणारी, साहेबांची जीप यायची ती वाट तिनं धरली. कोकरू चार पावलांनी थांबायचं, आणि ते थांबलं की सगळे थांबायचे. खालून पाण्यावरचं वारं येत होतं.

"आक्का," मिराबाई म्हणाली, "माघात त्यांच्या रानात बसवायची का मेंढरं?"

"बसवायची."

"मंग धमकी कशापायी दिली?"

"बसवायची," यशोदाबाई म्हणाली. "पर हिकडून न्यायची. ह्याच वाटंनं. बालाजीला सांगते."

वर, सागाच्या बुंध्याला टेकलेलं हिरवं दार अजून तिथंच आहे. व्यंकटरावांनी दोनदा सांगितलं. शंकरसिंग म्हणतो, एकट्यानं उचलत नाही.